खिंडीतला भोंगा आणि ठकूबाईच्या शेळ्या

एका माळावर अठरा घरांची एक वाडी होती. वाडीत माणसं थोडी आणि शेळ्या जास्त. वाडीला लागून एक टेकडी होती, आणि ती टेकडी मधोमध फोडून रेल्वेचा एकेरी रस्ता काढलेला होता. दोन्ही बाजूंना उंच दरडी आणि मधून रूळ, अशी ती खिंड. सकाळी एक पॅसेंजर या खिंडीतून जायची आणि दुपारी तीच परत यायची. कधी वेळेवर, कधी तासभर उशिरा.

या वाडीत ठकूबाई नावाची एक शेळीवाली राहत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सासरी नांदत होती. घरात ती एकटी आणि दावणीला अकरा शेळ्या. प्रत्येकीला नाव होतं. सगळ्यांत पुढे चालायची ती भिंगरी, सगळ्यांत मागे रेंगाळायची ती मोरी. ठकूबाई डोळे मिटून नुसत्या ओरडण्यावरून सांगायची, की आत्ता कोण बोललं आणि तिला काय हवंय.

फाल्गुन सरला की माळ करपून जायचा. हिरवं म्हणून कुठे उरायचं नाही, फक्त खिंडीत उरायचं. तिथे दरडीतून पाणी पाझरायचं आणि कपारीकपारीत पाला फुटायचा. जिथे माणसाचा अंगठा टेकणार नाही, अशा जागी शेळी चारही पाय जुळवून उभी राहते. त्यामुळे ठकूबाईचा कळप उन्हाळाभर खिंडीतच असायचा. पाला खाऊन झाला की शेळ्या खाली उतरायच्या आणि रुळांमधल्या खडीवर रवंथ करत बसायच्या.

दुपारची पॅसेंजर खिंडीच्या अलीकडच्या वळणावर आली, की भोंगा वाजायचा. एकदा नाही, तीनदा. लांब, लांब आणि मग एक आखूड. तो ऐकला की भिंगरी उठायची, तिच्यामागे बाकीच्या उठायच्या, आणि गाडी येईपर्यंत सगळ्या दरडीवर चढून बसलेल्या असायच्या. ठकूबाईला वाटायचं, आपण "हुर्र" म्हणतो म्हणून त्या उठतात. भोंग्याचं तिला काही देणंघेणं नव्हतं. उलट त्याचा रागच होता. दुपारी जरा झाडाखाली डोळा लागावा, तर हा मेला कोकलायला लागतो, असं ती म्हणायची.

एका चैत्रात मोरी गाभण होती. दिवस भरत आले होते. एका दुपारी भोंगा वाजला, मोरी दचकून उठली, दरड चढताना तिचा पाय निसटला आणि ती पोटावर पडली. दुसऱ्या दिवशी ती गाभडली. दोन करडं होती, दोन्ही मेलेली.

ठकूबाईने त्या दिवशी चूल पेटवली नाही. संध्याकाळपर्यंत ती मोरीच्या पाठीवरून हात फिरवत बसली आणि सकाळी उठून तडक स्टेशनवर गेली.

स्टेशन लहान होतं. एक खोली, एक बाकडं, एक घंटा. स्टेशनमास्तर हिरवी झेंडी गुंडाळत होते.

"मास्तर, तुमच्या त्या डायवरला सांगा, खिंडीपाशी भोंगा वाजवायचा न्हाई," ठकूबाई म्हणाली. "माझी शेळी गाभडली त्याच्यापायी."

मास्तर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी तिला बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"बाई, शेळीचं वाईट झालं," ते म्हणाले. "पण एक सांगू का? गाडी म्हणजे बैलगाडी नव्हे. कासरा ओढला आणि थांबली, असं होत नाही. लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावर चालतं. चाक रुळाला टेकतं ते नाण्याएवढ्या जागेवर. म्हणून ती इतका भार घेऊन सहज पळते, आणि म्हणूनच ब्रेक लावला तरी अर्धा कोस घसरत जाते. वळवून बाजूला घ्यावी म्हटलं तर ड्रायव्हरच्या हातात तेही नाही. रूळ नेतील तिकडे जायचं. मग त्याच्या हातात राहिलं काय? एक भोंगा."

"माझ्या शेळ्यांना भोंगा लागत न्हाई," ठकूबाई म्हणाली. "शेळीची बाहुली बघितलीय का कधी? आपल्यासारखी गोल नसती, आडवी असती, चिरेसारखी. मान न वळवता तिला मागचंसुद्धा दिसतं. तुमच्या गाडीला मागचं दिसतं का?"

मास्तरांना हसू आलं. "नाही बाई, गाडीला मागचं दिसत नाही."

"मग झालं तर."

मास्तरांनी आणखी एकदा समजावून पाहिलं. नियमाचा भोंगा खिंडीच्या बराच आधी, पाटी आहे तिथे वाजतो. वळणावरचा हा ड्रायव्हर आपल्या मनाने वाजवतो. त्याच्या मनात काही असेल, एकदा त्याच्याशीच बोला, असंही त्यांनी सुचवलं. पण ठकूबाई त्या दिवशी कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. शेवटी मास्तरांनी निरोप पोचवायचं कबूल केलं.

घरी येताना तिला एक गोष्ट आठवली. मोरी पडली त्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या बोकडाने तिला कुशीत ढुशी मारली होती. चांगली जोराची. तेव्हापासूनच मोरी चारा टाकत होती. पण ठकूबाईने ती आठवण मनातल्या मनात बाजूला सारली. दुःखाला धरायला एक माणूस लागतो, आणि तो तिला सापडला होता.

दुसऱ्या दिवसापासून वळणावरचा भोंगा बंद झाला.

पाटीपाशी वाजायचा तो दूर टेकडीपल्याड. वारा पडलेला असला तर पुसटसा ऐकू यायचा, नाहीतर तोही नाही. ठकूबाईला बरं वाटलं. ती आता उन्हाकडे बघून अदमासाने शेळ्या उठवायची. गाडीही खिंडीत पूर्वीपेक्षा सावकाश येते, असं तिला एकदोनदा वाटलं. म्हातारं झालं असेल इंजिन, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

असे दोन महिने गेले.

ज्येष्ठातल्या एका दुपारी वारा उलटा वाहत होता. भिंगरीचं करडू रुळांवर बागडत होतं. रुळाखालची खडी एका जागी खचली होती, तिथे त्याचा मागचा पाय आत गेला आणि खडीसकट रुतून बसला. करडू ओरडलं. शेळी शंभर करडांत आपल्या करडाचा आवाज ओळखते. भिंगरी दरडीवरून उड्या घेत खाली आली आणि त्याच्याशेजारी पाय रोवून उभी राहिली. ठकूबाई धावली. ती खडी उपसायला लागली, पण एक खडा काढला की वरचे दोन घसरायचे. पाय ओढावा तर मोडेल.

तिने मान वर केली तेव्हा गाडी वळणावर आली होती.

भोंगा वाजला. यावेळी तो थांबलाच नाही, एकसारखा वाजत राहिला. बाकीच्या दहाही शेळ्या पहिल्या आवाजालाच दरडीवर गेल्या. मोरीसुद्धा गेली. ठकूबाईने "हुर्र" म्हटलं नव्हतं. ते तिने पाहिलं आणि त्या घाईतही तिला कळलं, की इतकी वर्षं त्यांना कोण उठवत होतं.

भिंगरी हलली नाही. ठकूबाईने तिला ढकललं, शिंगं धरून ओढलं, पण ती जागची हलेना. उठून बाजूला होणं ठकूबाईच्या हातात होतं. पण करडू तिच्याकडे बघत होतं. तिने डोळे मिटले आणि खडी उपसत राहिली.

चाकं किंचाळली. चाकं घसरू नयेत म्हणून इंजिनातून रुळावर वाळू पडत होती, करकर आवाज येत होता. इंजिनाची धग तिच्या पाठीला लागली आणि मग सगळं शांत झालं.

तिने डोळे उघडले. इंजिन तिच्यापासून दोन बैलगाड्या मावतील एवढ्या अंतरावर उभं होतं.

ड्रायव्हर खाली उतरला. पन्नाशीचा, सावळा, अंगावर तेलाचे डाग पडलेला सदरा. ठकूबाईने त्याला आजवर खिडकीतल्या डोक्याएवढाच पाहिला होता. आता हा आपल्याला वाट्टेल ते बोलणार, असं समजून ती खाली मान घालून बसली. पण तसं झालं नाही. तो गुडघे टेकून तिच्याशेजारी बसला, त्याने आधी खड्ड्याच्या कडेचे मोठे खडे काढले, मग आतले बारीक. करडाचा पाय हळूच सोडवून त्याने तो बोटांनी चाचपून पाहिला.

"मोडला नाही, मावशी. मुरगळलाय," तो म्हणाला.

डब्यांच्या खिडक्यांतून माणसं डोकावत होती. कुणी विचारत होतं काय झालं, कुणी म्हणत होतं एका करडासाठी आमचा खोळंबा.

ठकूबाईने करडू पोटाशी धरलं. "मास्तर तर म्हणाले, गाडी अर्धा कोस थांबत न्हाई," ती कशीबशी म्हणाली. "मग ही कशी थांबली?"

"वेगात असती तर थांबली नसती. मी इथे हळूच येतो. माणसाच्या धावेएवढी."

"कधीपासनं?"

"भोंगा बंद केला तेव्हापासून."

ठकूबाई त्याच्याकडे बघत राहिली.

"बारा वर्षांपूर्वी याच खिंडीत माझ्या गाडीखाली दुसऱ्या कुणाच्या तरी चार शेळ्या आल्या," ड्रायव्हर म्हणाला. "ब्रेक लावला होता. गाडी थांबली ती पार ओढ्याच्या पुलावर. मागे चालत आलो, तर एक करडू तिथे ओरडत फिरत होतं. त्यानंतर मी वळणावर भोंगा वाजवायला लागलो. तुमचा निरोप आला, तुम्हाला त्रास होतो म्हणून. भोंगा बंद केला. पण शेळ्या तर इथेच बसणार. मग हळू येण्याशिवाय काय करणार?"

"मला सांगायचं तरी."

"तुमची शेळी गाभडली होती, मावशी. तेव्हा काय सांगायचं?"

तो उठला, हात झटकले आणि इंजिनात चढला. ठकूबाई करडू आणि भिंगरीला घेऊन दरडीकडे सरकली आणि गाडी हलली.

चार दिवसांनी मास्तर सायकलवरून वाडीत आले. ठकूबाईच्या अंगणात उभे राहून म्हणाले, "बाई, मोठ्या ऑफिसातून साहेब आलेत. गाडी खिंडीत थांबली त्याची तक्रार गेली. चौकशीत निघालं, की दोन महिने ही गाडी रोज इथे रेंगाळते. वरून हुकूम नसताना. ड्रायव्हरला विचारतायत, का? तो एवढंच सांगतो की जनावर रुळावर होतं. कुणाचं, विचारलं तर म्हणतो, मी विचारलं नाही. दोन महिन्यांबद्दल तर तोंडच उघडत नाही. त्याची गाडी काढून घेतील असं दिसतंय."

"आन मी काय करू?"

"मी तुम्हाला या म्हणत नाही. रेल्वेच्या हद्दीत जनावरं चारणं गुन्हा आहे, साहेब कडक आहेत. फक्त तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगितलं." मास्तरांनी सायकल वळवली आणि ते गेले.

शेजारची जाऊ हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "ठके, जाऊ नगंस. तुझं नाव कुणी घेतलेलं न्हाई. गेलीस तर शेळ्या कोंडवाड्यात जातील. अकरा शेळ्यांबिगर तुझ्यापाशी हाय काय?"

खरंच होतं ते. ठकूबाई उंबऱ्यावर बसली. करडू लंगडत आलं आणि तिच्या मांडीवर तोंड ठेवून उभं राहिलं. तिने त्याचा पाय हातात घेतला. सूज उतरली होती. एक परका माणूस तापलेल्या खडीत गुडघे टेकून या पायाशी बसला होता, आणि आज तोच माणूस तिचं नाव गिळून बसला होता.

ती उठली. शेळ्या कुणाकडे सोपवायच्या हा प्रश्न होता. मग तिने विचार केला, कोंडवाड्यात जायच्याच असतील तर बरोबरच असू देत. तिने दावी सोडली.

अशी ती भर दुपारी अकरा शेळ्या आणि एक करडू घेऊन स्टेशनवर पोचली. साहेब बाकड्यावर बसले होते, मांडीवर फाईल होती. समोर ड्रायव्हर उभा होता. प्लॅटफॉर्मभर शेळ्या पसरल्या. भिंगरी थेट साहेबांकडे गेली आणि तिने फाईलची दोरी तोंडात धरली.

"अहो, ही फाईल खातेय," साहेब म्हणाले.

"खात न्हाई, साहेब. शेळीला हात नसतात, ती वस्तू ओठांनीच चाचपून बघती. आवडलं तरच खाती." ठकूबाईने भिंगरीला मागे ओढलं आणि हात जोडले. "रुळावरचं जनावर माझं हुतं. खिंडीत मी चारते. दरसाल चारते. आन भोंगासुद्धा मीच बंद करायला लावला. ह्यांनी तो माझ्या शेळ्यांसाठीच वाजवला हुता, मला ते कळलं न्हाई. शेळी माझी गाभडली ती बोकडाच्या ढुशीनं. मला ठावं हुतं. तरी मी ह्यांच्यावर घातलं. गाडी हळू येत हुती म्हणून मी आज तुमच्याम्होरं उभी हाय. शिक्षा मला करा. शेळ्या आणल्यात."

ड्रायव्हर खाली बघत होता. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"हे तुम्ही आधीच लेखी का कळवलं नाही?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"कळवलं असतं तर यांच्यावर केस झाली असती, साहेब."

साहेबांनी बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं. वर न कळवता गाडी हळू चालवली म्हणून ड्रायव्हरला समज; गाडी मात्र त्याच्याकडेच राहील. खिंडीच्या तोंडाशी भोंग्याची नवी पाटी लावावी. खचलेली खडी आठ दिवसांत भरावी. शेवटी ते ठकूबाईकडे वळले.

"यापुढे एकही शेळी खिंडीत दिसता कामा नये. पाला असो नाहीतर नसो. कबूल?"

उन्हाळ्यात दुसरीकडे पाला म्हणजे दोन कोसांवरचा ओढा. जायला दोन कोस, यायला दोन कोस, तेही उन्हातून. ठकूबाई म्हणाली, "कबूल, साहेब."

"मग न्या यांना घरी. माझी फाईल शिल्लक आहे तोवर न्या."

साहेब मास्तरांबरोबर आत गेले. प्लॅटफॉर्मवर ड्रायव्हर आणि ठकूबाई उरली. तिने एका शेळीला बाजूला घेतलं, मास्तरांच्या स्टोव्हजवळचं पातेलं उचललं आणि तिथेच दूध काढलं. त्याच दुधाचा चहा झाला. ड्रायव्हरच्या हातात कप देताना ती म्हणाली, "तुमचे उपकार झाले, दादा. हे मी बारा वर्षं रोज म्हणायला पाहिजे हुतं."

ड्रायव्हरने चहाचा घोट घेतला. "मावशी," तो म्हणाला, "एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला हे पहिल्यांदाच कुणी म्हटलं." आणि त्याने तोंड फिरवून सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवसापासून ठकूबाई ओढ्याला जायला लागली. वाट लांबची होती. पाय दुखायचे, पण तिने एकदाही कुरकूर केली नाही. त्या वाटेवर एका मळ्याच्या बांधाशी दगडाची एक डोण होती. तिच्यात नेहमी काठोकाठ पाणी असायचं. पूर्वी कधीमधी ठकूबाई इकडून गेली, की शेळ्या तिथे पाणी प्यायच्या आणि ती पुढे जायची. पाणी कुठून येतं हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

यावेळी ती थांबली. मळ्यातल्या खोपटापाशी एक म्हातारा माळी दोर वळत बसला होता.

"बाबा, ही डोण कोण भरतं?" तिने विचारलं.

"मी भरतो," म्हातारा म्हणाला. "सकाळी चार घागरी आणून ओततो. मुकी जनावरं जातात येतात. का गं बाई, पाणी खराब आहे का?"

"न्हाई बाबा," ठकूबाई म्हणाली. "लई गोड हाय. तेवढंच सांगायला आले."

म्हातारा गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने दोर बाजूला ठेवला आणि खोपटातून गुळाचा खडा आणून तिच्या हातावर ठेवला. शेळ्या पाणी पीत होत्या. दोघंही त्यांच्याकडे बघत तिथेच सावलीत बसली.

तात्पर्य: आपण सुखरूप असतो, तेव्हा कुणीतरी गाजावाजा न करता आपली काळजी घेत असतं. त्याला शोधून काढावं, वेळेवर आभार मानावेत, आणि त्याच्यावर प्रसंग आला तर आपलं नुकसान सोसूनही खरं बोलावं.